गेंडोबा उठत नाही

गेंडोबाचं डोकं लोकांसमोर काढायचं नाही. घाम येवो, खाज सुटो, आत माशी शिरून नाकावर बसो, डोकं जागच्या जागी राहिलं पाहिजे. मैदानावरच्या शो-टीमचा हा पहिला नियम, आणि प्रत्येक नव्या मुलीकडून तो घोकून घ्यायचं काम लीडरचं.

लीडर म्हणजे चिअरलीडर मुलींची म्होरकी. वय चौतीस. सीमारेषेबाहेरच्या त्या टीचभर मंचावर सहा मुली घेऊन नऊ वर्षं नाचत होती. मुली, रखवालदार, माळी, सगळे तिला लीडरच म्हणायचे. घरी सासरे सूनबाई म्हणत आणि नवरा नुसतं 'ए' म्हणे, तेवढ्यावर ती ओ देई.

संघाचं चिन्ह गेंडा. म्हणून फोम आणि कापडाचा एक गलेलठ्ठ गेंडा सामनाभर बाउंड्रीवर हुंदडायचा. तोच गेंडोबा. नुसता पोशाख चौदा किलोंचा, त्यात डोकं वेगळं, आणि डोक्यात बॅटरीवर चालणारा पंखा, जो हवेपेक्षा आवाजच जास्त करायचा. या गेंडोबाच्या आत असायचा लीडरचा नवरा. "आमचा संसार हा असा," ती मुलींना सांगायची, "दिवसभर बरोबर असतो आणि एकमेकांचं तोंड दिसत नाही!"

डोक्याचा नियम काही उगाच आला नव्हता. आधीच्या गेंडोबानं एकदा तहान लागली म्हणून कठड्याशी उभं राहून डोकं काढलं आणि बाटली तोंडाला लावली. समोर पाच-सहा वर्षांची एक पोरगी होती. गेंड्याच्या मानेतून टकला माणूस निघालेला बघून तिनं जो काही टाहो फोडला, तो संध्याकाळपर्यंत जगभर फोनवर फिरला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घरी बसवलं. तेव्हापासून गेंडोबानं डोकं काढायचं नाही आणि बोलायचंही नाही. कपडे चढवायची खोलीही वेगळी, पार त्या टोकाला, आणि दाराला आतून कडी.

पोशाखाची चेन पाठीवर, ती एकट्याला लागत नाही. म्हणून मदतनीस म्हणून एक पास मिळायचा. त्या पासावर सासरे यायचे. त्यांनी तेहेतीस वर्षं एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवलेली. स्टुलावर बसून वर-खाली, वर-खाली. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं ते फक्त मजला सांगायला. घरातही त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. टीव्हीचा आवाज कमी करायचा असला तर तेही विचारून करायचे. अशा माणसाला मुलाच्या पाठीची चेन लावायचं काम मिळालं, तर ते एवढे खूश की सामन्याच्या दिवशी पहाटेच दाढी करून तयार.

या मोसमात गेंडोबा भलताच रंगात आला होता. गेल्या चार सामन्यांत तर लोक मॅच सोडून त्याच्याकडे बघायचे. आधी तो नुसता उड्या मारायचा. आता त्याला चाल आली होती. दोन पावलं टाकायची, थांबायचं, जणू कुणाला आत घेतोय असा हात करायचा, पुन्हा दोन पावलं. पोरं त्याची नक्कल करायला लागली. लीडरनं एकदा घरी जेवताना कौतुकही केलं.

"काय रे, कुठून शिकलास हे? गुडघा मुरगळलाय म्हणून कण्हत असतोस आणि तिथे काय ते लचकणं! कमाल करतोस बाबा."

नवरा मान खाली घालून जेवत राहिला. सासऱ्यांना मात्र जोराचा ठसका लागला. तिनं पाणी दिलं, पाठ चोळली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते, चेहरा फुलला होता, पण ठसक्यानं होतो तसाच, तिला काय कळणार? आणि गुडघ्याचं म्हणाल, तर नाचणाऱ्यांच्या घरात कुणाचा ना कुणाचा पाय सुजलेलाच असतो. त्याकडे कोण बघतंय!

त्या दिवशीचा सामना भर दुपारचा होता. ऊन असं की मंचाच्या पत्र्यावर हात ठेववेना. सामन्याआधी लीडरनं नेहमीच्या कागदावर सही केली. शो-टीममधले सगळे ठणठणीत आहेत, कुणाला दुखापत नाही, असा तो कागद. दर सामन्याला तीच भरायची. मग तिनं मुलींना पाणी पाजलं, कानात मास्तरांशी बोलायचं-ऐकायचं यंत्र बसवलं आणि मंचावर चढली.

मास्तर म्हणजे शोचे सूत्रधार. वरच्या काचेच्या थंडगार खोलीत बसून गाणी कधी वाजवायची, धूर कधी सोडायचा, मुलींनी कधी नाचायचं, हे सगळं तेच मुलींच्या कानात सांगायचे. गेंडोबाबद्दल त्यांनीच नियम केला होता: दहा मिनिटं बाहेर, वीस मिनिटं खोलीत गारव्याला. नियम चांगला होता. पण प्रतिस्पर्धी संघाच्या विकेटी असल्या पडायला लागल्या की विचारता सोय नाही. चौथ्या षटकात एक, पाचव्यात दोन. गेंडोबा खोलीकडे वळला की मागे आरडाओरडा, आणि मास्तर कानात ओरडायचे, "बोलवा त्याला! पब्लिक मागतंय!"

कारण विकेट पडली की गेंडोबाचा खास खेळ असायचा. तो मंचापुढे धावत यायचा आणि बाद झालेल्या फलंदाजासारखा पाठीवर धाडकन पडायचा. मुली भोवती कडं करायच्या. लीडर त्याच्या पोटावर एक पाय ठेवून हात वर करायची आणि बोटांवर मोजायची. सगळं मैदान तिच्याबरोबर मोजायचं. नऊला गेंडोबा पाय झाडायचा, दहाला टुणकन उठून कंबर हलवायचा. बस, एवढंच. पण लोकांना काय आवडेल, सांगता येतं का?

सहावी विकेट पडली ती सीमारेषेजवळच्या झेलावर, अगदी मंचासमोर. गाणं सुरू झालं. गेंडोबा आला, पण धावत नाही, चालत. दोन पावलं, थांबला, हात केला, पुन्हा दोन पावलं. लोक खिदळले. मग तो पडला. पाठीवर नाही, कुशीवर पडला आणि मग हळूच उताणा झाला. 'आज जरा वेगळं करतोय,' लीडरला वाटलं. तिनं पाय ठेवला, हात वर केला.

"एक! दोन! तीन!" चाळीस हजार माणसं एका सुरात. "आठ! नऊ!"

नऊला पाय हलले नाहीत.

"दहा!"

गेंडोबा पडलेलाच. मैदानभर हशा पिकला. कुणीतरी "अकरा!" ओरडलं आणि सगळ्यांनी ते उचललं. बारा, तेरा, चौदा. लीडर हसत होती. चिअरलीडरनं हसायचंच असतं, दात दिसले पाहिजेत, हेही तीच शिकवायची. हसत हसत ती वाकली आणि दातांतून म्हणाली, "पुरे रे. ऊठ आता."

काही नाही. तिनं त्याचा हात दाबला. पंजाचा फोम दबला, आतली बोटं दबली, पण बोटांनी परत दाबलं नाही. एकोणीस. वीस.

"मास्तर," तोंडावरचं हसू तसंच ठेवून ती म्हणाली, "हा उठत नाहीये."

"वा! चालू दे, पब्लिक वेडं झालंय."

"अहो मास्तर, खरंच उठत नाहीये! काहीतरी झालंय त्याला!"

कानात क्षणभर नुसती खरखर. मैदान बावीसपर्यंत पोचलं. मग मास्तर म्हणाले, "मागे ओढा. नाचत ओढा. आणि हे बघ, डोकं काढायचं नाही. तो मोठा पडदा चालू आहे."

इथे मी असतो तर, तुम्ही असता तर, असं म्हणणं सोपं आहे. पण नऊ वर्षं जे रक्तात भिनलंय ते असं एका क्षणात बाजूला होत नाही. तिनं दोन मुलींना खूण केली. तिघींनी गेंडोबाचे पाय धरले, बाकीच्या चौघी पुढे हातातले रंगीत झुपके नाचवत चालल्या, आणि गाण्याच्या तालावर, दर चौथ्या पावलाला कंबर हलवत, त्यांनी त्याला जाहिरातीच्या फळ्यांमागे ओढत नेलं. हो, कंबर हलवत! तिचा नवरा त्या पोशाखात निपचित पडलेला, आणि ती कंबर हलवत होती. मोठ्या पडद्यावर ते सगळं दिसत होतं. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. लहान पोरं खांद्यांवर बसून हात हलवत होती, "गेंडोबा, बाय बाय!"

फळ्यांमागे जाऊन तिनं डोक्याच्या खटक्याला हात घातला, तर खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस मागोमाग तिथे हजर. त्याला वाटलं, आत काहीतरी आणखी गंमत आहे.

"अहो, तो बंद करा!" ती ओरडली.

"डोकं नको!" मास्तर कानात ओरडले. "दिसतंय सगळं! बोगद्यात न्या!"

बोगद्यात न्या. आणि तिनं नेलं. आणखी तीसेक पावलं, आता नाच नाही, नुसती फरफट. सगळ्यात बुटकी मुलगी रडत रडत गेंडोबाचं शेपूट उचलून धरत होती, का ते तिलाच ठाऊक. खोल्यांकडे जाणाऱ्या त्या बोगद्याच्या सावलीत शिरल्या शिरल्या लीडर गुडघ्यांवर बसली आणि खटका ओढायला लागली. तो घामानं निसरडा झाला होता. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा निघाला, आणि तिनं ते अजस्र डोकं दोन्ही हातांनी उपटून काढलं.

आत पांढरे केस होते.

घामानं चिकटलेले, विरळ, पांढरे केस. तिच्या नवऱ्याचे केस काळेभोर. तिच्या छातीवरचा धोंडा एकदम उतरला. इतका एकदम, की ती हसली. आता हे खरं हसू होतं. मोठ्यानं, सगळ्या मुलींसमोर ती म्हणाली, "बरं झालं गं बाई! हा नाहीये! हा तो नाहीच!"

मुली दगडासारख्या उभ्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. बुटकी म्हणाली, "लीडर, अगं हे तर... तुझे बाबा."

तेव्हा कुठे तिनं चेहरा पाहिला. लालभडक, कोरडा. इतक्या उन्हात, इतक्या फोममध्ये, आणि चेहऱ्यावर घामाचा एक थेंब नाही. डोळे अर्धवट उघडे. सासरे! तिच्या घरात राहणारे, टीव्हीचा आवाज विचारून कमी करणारे सासरे! तिला काही समजेचना. म्हणजे तो कुठे आहे? हे इथे कसे? त्यांचा पास मदतनिसाचा, ते चेन लावायला आलेले, मग चेनच्या आत कसे काय? तिनं गालावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बाबा! अहो बाबा!"

मैदानाचा डॉक्टर धावत आला. त्यानं एका नजरेत उष्माघात ओळखला. पोशाख कात्रीनं फाडला, बर्फ मागवला, पाण्याचे हंडेच्या हंडे ओतले. ओतता ओतताच त्यानं विचारलं, "किती वेळ झाला बेशुद्ध पडून?"

लीडरला हे उत्तर बरोबर माहीत होतं. जगात एवढं अचूक उत्तर कुणी दिलं नसेल.

"बावीस मोजले," ती म्हणाली. "मग नाचत ओढलं. एक अख्खं कडवं संपलं. मग फळ्यांमागे थांबलो. मग इथे आणलं."

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मोजले?" त्यानं विचारलं. पण उत्तराची वाट न बघता तो पुन्हा बर्फ लावायला लागला.

नवरा आला तो भिंतीला धरून, एका पायावर. गुडघ्याला मांडीपासून पोटरीपर्यंत जाड पट्टा. त्या बंद खोलीत तो छोट्या टीव्हीवर सामना बघत बसला होता, आणि पडद्यावर आपल्या बापाला नाचत ओढून नेताना त्यानं पाहिलं होतं.

"मुरगळ नाही ती," हमसून हमसून तो सांगायला लागला. "आत काहीतरी तुटलंय. डॉक्टर सहा आठवडे म्हणाला. दोन सामने बुडले असते तर दुसरा गेंडोबा घेतला असता त्यांनी. बाबाच म्हणाले, मला येतं सगळं. तू घरात तालीम करतोस, मी रोज बघतोच की. चेन लावायला तू ये. चार सामने झाले, कुणाला काही कळलं नाही..."

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

"तुझी त्या कागदावर सही असते ना. बाबा म्हणाले, सूनबाईला खोटं लिहायला लावू नको."

तिनं हात उगारला होता, तो तसाच राहिला. चार सामने! ते दोन पावलं टाकणं, थांबणं, हात करून कुणाला तरी आत घेणं! तेहेतीस वर्षं लिफ्टच्या दाराशी केलेलं काम म्हातारा चाळीस हजार लोकांना करून दाखवत होता, आणि तिनं जेवताना कौतुक केलं ते नवऱ्याचं. बाहेर सातवी विकेट पडली. गाणं वाजलं. मंचावर कुणीच नव्हतं, तरी लोक मोजायला लागले.

दवाखान्यात दोन दिवस कुणी धड काही सांगेना. ताप उतरलाय, पण मूत्रपिंडांचं बघावं लागेल. शुद्ध येते, जाते. नवरा-बायको बाकावर बसून राहत. तो मनात म्हणायचा, मी बापाला आत घातलं. ती म्हणायची, मी आतच ठेवलं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिच्याजवळ होती, ती तिनं त्याला सांगितली नव्हती. मुलीही बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले. हातात फळं, चेहरा गंभीर. तब्येतीची चौकशी केली, उसासे टाकले. काय झालं ते नवऱ्यानं सगळं खरं सांगून टाकलं. मास्तरांनी ते ऐकून घेतलं आणि फार ताणलं नाही. मग त्यांनी लीडरला जरा बाजूला घेतलं.

"हे बघ, आत्ता बोलायची वेळ नाही, मला कळतंय. पण मालकांनी विचारायला सांगितलंय. ते ओढत नेणं लोकांना फार म्हणजे फारच आवडलंय. जो तो तेच बघतोय. आतला माणूस आजारी होता हे बाहेर कुणाला माहीत नाही. तर पुढच्या सामन्यापासून ते कायमचं ठेवायचं म्हणतात. बावीसपर्यंत मोजायचं आणि मग ओढायचं. गेंडोबा दुसरा बघतो मी. ओढायला मात्र तुम्हीच मुली हव्यात, तुमचा ताल बसलाय."

हा माणूस वाईट नव्हता. नऊ वर्षं ओळखत होती ती त्याला. तिच्या लग्नात त्यानं स्वतः खुर्च्या उचलल्या होत्या. आणि तो हे विचारत होता, दवाखान्यात, हातात फळांची पिशवी धरून.

"मास्तर," ती म्हणाली, "एक करा. गेंडोबात तुम्ही झोपा. मोजायला मी येते."

मास्तरांनी पिशवी बाकावर ठेवली आणि गेले. तिची नोकरीही त्यांच्या मागोमाग गेली, हे तिला तिथेच कळलं. पण त्या घडीला तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. एकेकानं आत जा, फार बोलायला लावू नका. नवरा आधी जाऊन आला, डोळे पुसत. मग ती गेली. सासरे उशीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली, हाताला नळ्या. तिला बघून त्यांनी उगाच चादर सारखी केली.

"सूनबाई, तुला फार त्रास दिला गं."

एवढं ऐकलं आणि तिचा बांध फुटला. तिनं ठरवलं होतं की हे कधी सांगायचं नाही, मरेपर्यंत नाही. पण या माणसापुढे लपवून ठेवणं तिच्यानं होईना.

"बाबा, मी तुमचं डोकं लवकर काढलं नाही. पडलात तिथेच काढायला हवं होतं. आणि काढलं ना, तेव्हा... तेव्हा मी हसले. सगळ्या मुलींसमोर हसले. म्हटलं, बरं झालं, हा तो नाही. तुम्ही तिथे तसे पडलेले आणि मी म्हटलं, बरं झालं! बाबा, मी असं कसं म्हटलं हो?"

नळीतलं पाणी ठिपकत होतं. सासऱ्यांनी नळ्या नसलेला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. हात हलका होता.

"चौथ्या विकेटलाच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती," ते म्हणाले. "पाचव्याला पाय लटपटायला लागले. शेवटी पडलो ना, तेव्हा कळलं की आता काही आपण उठत नाही. लोक मोजत होते. आणि मी आत काय म्हटलं, सांगू? म्हटलं, बरं झालं. आज आत तो नाही."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"अगदी हेच म्हटलं, सूनबाई. तू म्हटलंस तेच. रडतेस कशाला?"

ती त्यांच्या पायांशी पलंगाच्या कडेवर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडायला लागली. आवाज ऐकून नर्स आली आणि दटावून म्हणाली, रडायचं असेल तर बाहेर जा. पण ती काही जागची हलली नाही.